ॲल्युमिनियमची बेसबॉल बॅट: हायर सेकंडरी आणि कॉलेजच्या मुलांसाठी कोणती घ्यावी?

डिचोलीकर_पीई

नमस्कार मंडळी. हायर सेकंडरीची आणि कॉलेजची मुलं आमच्याकडे एकाच मैदानावर सराव करतात. दोघांत मिळून चार ॲल्युमिनियम बॅटी घ्यायच्या आहेत. मुलांची उंची पाच फूट दोन इंचांपासून पाच फूट दहापर्यंत.

बॅटीवर ३२/२९, ३३/३० असे आकडे असतात, त्यातलं कोणाला काय द्यायचं? म्हापसा-पणजीच्या दुकानांत हजाराच्या आत ‘बेसबॉल बॅट’ मिळते आणि परदेशी बॅट तिच्या वीसपट, मग फरक नेमका कशात? शाळेच्या कपाटात सॉफ्टबॉलच्या बॅटी पडून आहेत, त्या चालतील का? कॉम्पोझिट (कार्बन फायबर आणि रेझिनची) घ्यावी असंही कोणी सांगतं. मॅनेजमेंटला कोटेशनबरोबर कारणं लिहून द्यायची आहेत, तेव्हा मोघम नको, नेमकं सांगा.

स्कोअरबुक

सर, किमतीचं नंतर बघू. आधी शिक्का बघा. बॅरलवर (बॅटीच्या जाड भागावर) किंवा त्याच्या खालच्या निमुळत्या भागावर चौकटीत ‘बीबीकोर .५०’ छापलेलं असतं. बीबीकोर म्हणजे बॅटीवरून चेंडू किती उसळतो त्याचं माप. अमेरिकेत कॉलेजच्या खेळासाठी एनसीएए या संघटनेने हा नियम १ जानेवारी २०११ पासून लावला आणि हायस्कूलसाठी एनएफएचएस या संघटनेने १ जानेवारी २०१२ पासून. चाचणीत स्थिर धरलेल्या बॅटीवर यंत्राने चेंडू मारतात आणि तो किती वेग राखून परत उसळतो ते मोजतात. पोकळ धातूची भिंत आत दबून परत फुगते आणि चेंडूला जादा ढकलते. त्या जादा उसळीवर .५० ही मर्यादा आहे. त्यामुळे शिक्का असलेली बॅट लाकडाच्या बरीच जवळ वागते.

शिक्क्याबरोबर तीन मापं येतात. लांबी इंचांत आणि वजन औंसांत घेतलं तर दोन आकड्यांतला फरक ३ पेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे ३३ इंची बॅट ३० औंसांपेक्षा हलकी नको. बॅरलचा व्यास जास्तीत जास्त २ ५/८ इंच, म्हणजे ६६.७ मिमी. आणि कॉलेजसाठी लांबी ३६ इंचांच्या आत. फरक ५, ८ किंवा १० असलेल्या बॅटी लहान मुलांच्या. दिसायला त्याच, हातात छान हलक्या, पण बीबीकोरच्या सामन्यात बाद.

सॉफ्टबॉलची बॅट नको. तिचा बॅरल २ १/४ इंच, म्हणजे ५७ मिमी असतो आणि भिंत मोठ्या, त्या मानाने मऊ चेंडूसाठी बनवलेली असते. बेसबॉल लागला की पोचे पडतात. ओळखायला शिंप्याचा टेप पुरे: बॅरलचा सगळ्यात जाड भाग गुंडाळून मोजा. साधारण २१ सेंमी आला तर बेसबॉल, १८ सेंमी आला तर सॉफ्टबॉल.

हजाराच्या आतल्या बॅटी गाडीत सीटखाली ठेवायच्या लायकीच्या, खेळायच्या नाहीत. मिश्रधातू कुठला ते लिहिलेलं नसतं, वजन ५००-६०० ग्रॅम, नॉब (हँडलच्या तळाचा जाड गोळा) बारीक वेल्डिंगवर किंवा नुसता दाबून बसवलेला. जोरात स्विंग घेताना नॉब सुटला तर बॅट सरळ पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या दिशेने जाते. मॅनेजमेंटला हे एकच कारण लिहिलंत तरी भागेल.

एक आणखी. आपल्याकडे शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांना कुठली बॅट चालेल ते आयोजकांच्या नियमपत्रकावर ठरतं. पैसे भरण्याआधी ते पत्रक लेखी मागवून घ्या. बीबीकोर घेतलीत तर अडण्याची शक्यता कमी, पण ‘फक्त लाकडी’ असं लिहिलेलं निघालं तर सगळंच मुसळ केरात.

कॅचर१२

लांबी-वजनाचं मी सांगतो. उंचीचे तक्ते सुरुवातीपुरते ठीक. साधारण पाच फूट दोन ते चार इंचांच्या मुलाला ३१, पाच फूट पाच ते आठ इंचांच्या मुलाला ३२, त्याच्या वर ३३. ३४ इंच फक्त लांब हातांच्या आणि तयार मनगटाच्या मुलाला. ग्रॅममध्ये ३१/२८ म्हणजे ७९४, ३२/२९ म्हणजे ८२२, ३३/३० म्हणजे ८५०. हे वजन ग्रिप (हँडलवर गुंडाळलेली पट्टी) न मोजता असतं, म्हणून तराजूवर थोडं जास्तच दिसणार. छापलेल्या आकड्यापेक्षा कमी भरली तर समजा काहीतरी गडबड आहे.

खरी लांबी मैदानावर ठरते. होम प्लेट, म्हणजे बॅटरसमोरची जमिनीवरची पाटी, १७ इंच, म्हणजे ४३ सेंमी रुंद. मुलाला त्याच्या नेहमीच्या जागी उभं करा, टी (चेंडू ठेवायचा उभा दांडा) प्लेटच्या बाहेरच्या कडेवर ठेवा, चेंडू कंबरेच्या उंचीवर. आता बॅट सावकाश फिरवून चेंडूला टेकवायला सांगा. बहुतेक जण बॅटीचं टोक पोचलं की खूश होतात. पण चेंडू टोकाने मारायचा नसतो. स्वीट स्पॉट, म्हणजे फटका सगळ्यात चांगला बसतो ती जागा, टोकापासून अंदाजे ५ ते ७ इंच आत असतो. तो बाहेरच्या कडेपर्यंत पोचतोय का ते बघा. पोचत नसेल तर आधी प्लेटच्या थोडं जवळ उभं करून बघा, लांब बॅट त्यानंतर.

मग वजन. कमजोर हाताने नॉबजवळ धरून बॅट आडवी, हात सरळ ताणून अर्धा मिनिट. टोक खाली झुकायला लागलं तर जड आहे. ही चाचणी ढोबळ आहे, जिममध्ये जाणारी मुलं कुठलीही बॅट धरून दाखवतात. त्यापेक्षा टीवर सलग वीस चेंडू मारायला लावा आणि शेवटचे पाच मोबाइलवर बाजूने टिपा. बॅरल हातांच्या मागे रेंगाळत असेल, चेंडू सारखे उलट्या बाजूला रेषेबाहेर (फाऊल) जात असतील, तर एक इंच आणि एक औंस खाली या.

दुकानदार न सांगणारी गोष्ट म्हणजे वजन बॅटीत कुठे आहे. दोन्ही बॅटी ३३/३०, पण एकीचं वजन हाताकडे आणि दुसरीचं टोकाकडे. फिरवायला लागणारा जोर वजन गुणिले अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून टोकाला गेलेला एक औंस हाताजवळच्या औंसापेक्षा कितीतरी जड लागतो. दोन्ही बॅटी आळीपाळीने एका बोटावर तोला आणि नॉबपासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर मोजा. जिचं जास्त ती टोकजड. वेगवान पिचिंग अजून नीट न पाहिलेल्या मुलांना समतोल बॅट द्या. टोकजड बॅट फलंदाजीत चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या दणकट मुलाला.

बांबोळी_नेट्स

कॉम्पोझिटच्या फंदात पडू नका. नवी बॅट खुलायला दीड-दोनशे फटके लागतात, तेही दर फटक्यानंतर बॅट थोडी फिरवून. टीमच्या सामायिक बॅटीला एवढं लाडाने कोण वागवणार? शिवाय ती हळूहळू जास्त उसळायला लागते आणि मग एक दिवस तडकते. ॲल्युमिनियम पहिल्या फटक्यापासून तीच असते आणि खराब झाली की पोचा दाखवून सांगते. काही जण कॉम्पोझिट रोलरमधून काढून घेतात किंवा आतून तासून घेतात, तसला ‘तयार’ माल कोणी देऊ केला तर हातही लावू नका. ती बॅट नियमबाह्य आहे, वॉरंटीही गेली.

एका तुकड्याची मिश्रधातूची बॅट घ्या. डीमारिनी व्हूडू वन, लुईव्हिल स्लगर ओमाहा, मारुची कॅट, रॉलिंग्ज ५१५० या सगळ्या त्याच जातीच्या. दोन तुकड्यांच्या बॅटीत हँडल वेगळं जोडलेलं असतं, त्यामुळे चुकीच्या जागी चेंडू लागला तरी हाताला झिणझिण्या कमी येतात. ती सोय आहे, चेंडू त्याने लांब जात नाही. .५० ची मर्यादा महागड्या बॅटीलाही तीच. जास्त पैसे जातात ते मोठ्या स्वीट स्पॉटला, कमी कंपनाला आणि नव्या रंगाला. गेल्या वर्षीचं मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. म्हणजे, शिक्का बघून मग डोळे झाका.

डिचोलीकर_पीई

देव बरें करूं, सगळ्यांनाच. आता चार बॅटींची वाटणी कशी करू? कोणी वापरलेली देत असेल तर काय तपासायचं? आणि आपल्या पावसात-खाऱ्या हवेत त्या टिकवायच्या कशा?

स्कोअरबुक

वाटणी: एक ३१/२८, दोन ३२/२९, एक ३३/३०. चारही समतोल. तुमच्या मुलांच्या उंचीत ३२ वरच जास्त गर्दी होणार, म्हणून तिथे दोन. ३४ घेऊ नका, मोठी मुलं हौसेने उचलतात आणि सगळ्यांचे स्विंग बिघडतात.

वापरलेल्या बॅटीसाठी:

बॅट उन्हात तिरपी धरून बॅरलवरून नजर फिरवा. पोचा सरळ बघून दिसत नाही, प्रकाशाची रेघ मोडते तिथे असतो. मग गुळगुळीत लादीवर बॅट घरंगळवा. टकटक करत, अडखळत गेली तर बॅरल चपटा झालाय. अंपायरकडे बॅरल तपासायची धातूची कडी असते. पोच्यामुळे एक बाजू फुगली की बॅट त्या कडीतून जात नाही आणि सामन्याबाहेर होते.

एंड कॅपच्या (बॅरलच्या टोकावरच्या झाकणाच्या) भोवती नख फिरवा. नख अडकण्याइतकी फट असेल तर गोंद सुटलाय. बॅट कानाजवळ हलवा: बारीक खडखड बहुतेक वेळा आत सुटलेल्या गोंदाच्या कणाची असते, ती चालेल. पण टीवर मारताना टणक आवाजाऐवजी बद्द किंवा फाटका आवाज आला तर भिंतीला चीर आहे. ती बहुधा शिक्क्याजवळच्या निमुळत्या भागात किंवा एंड कॅपच्या कडेला सुरू होते. शेवटी नॉब हातात पिळून बघा. जराही हलला तर नको.

कॅचर१२

पोचे पडण्याचं आपल्याकडचं पहिलं कारण म्हणजे क्रिकेटचा लेदर बॉल. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटचा १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि बराच कडक, वर शिवण. सराव संपला की मुलं तोच घेऊन सुरू होतात. बॅटी कुलपात ठेवा. पिचिंग मशीनचे खळगे असलेले कडक रबरी चेंडूही तसेच घातक. पावसात भिजलेला बेसबॉल फुगून जड होतो, तो टाकून द्या किंवा फक्त फेकायच्या सरावाला ठेवा.

दुसरं कारण सवयीचं. बुटाचा चिखल बॅटीने झाडणं, चिऱ्याच्या कुंपणावर बॅट आपटणं, फटक्यानंतर ती चिरेकणी पसरलेल्या मैदानावर भिरकावणं. धारदार चिऱ्याने ओरखडा पडला की चीर तिथूनच धावते. दर फटक्याला बॅट पाव वळसा फिरवून धरायला शिकवा, म्हणजे एकाच जागी मार बसणार नाही. नेहमी छाप वर धरणाऱ्या मुलाच्या बॅटीला एकाच रेषेत पोचे येतात.

मिरामार किंवा कोलव्याच्या बाजूला वाळूत सराव झाला तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. मिठाने ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात, विशेषतः रंग उडालेल्या जागी. ओली बॅट झिपाच्या पिशवीत बंद करू नका. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीतही नको, एंड कॅपचा गोंद तिथेच मऊ पडतो.

ग्रिप जून ते सप्टेंबरात कुजते, तेव्हा दर हंगामात नवी घाला. जुनी उलगडून काढा, हँडलवरचा चिकटा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. नवी ग्रिप नॉबकडून सुरू करायची, पहिला वेढा नॉबला अगदी चिकटून, पुढे हलका ताण देत प्रत्येक वेढा मागच्यावर ३ मिमी चढवत वर न्यायचा आणि टोक टेपने बांधायचं. वरून खाली गुंडाळली तर कडा हाताकडे उघड्या राहतात आणि दोन आठवड्यांत सोलतात. जाडी १.१ मिमी घेतलीत तर लहान पंजांनाही पकडता येते. जाडी वाढली की धक्का कमी लागतो पण पकड भरते.

लाकडीच_बरी

सगळं पटलं, फक्त एक लाकडी बॅटही यादीत घाला. डब्ल्यूबीएससीच्या (जागतिक बेसबॉल-सॉफ्टबॉल महासंघाच्या) १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धेपासून पुढे लाकूडच लागतं. पुढे जाण्यासारखा जो मुलगा असेल त्याने आठवड्यातून एक सत्र लाकडावर मारावं. जपानच्या शालेय बेसबॉलनेही २०२४ च्या वसंतापासून धातूच्या बॅटीचा जास्तीत जास्त व्यास ६७ वरून ६४ मिमी केला आणि भिंत ३ वरून ४ मिमी जाड केली, उसळी कमी व्हावी म्हणून.

आणि सर, फिल्डिंगच्या सरावाला या चारांतली बॅट स्वतः वापरू नका. त्यासाठी फंगो नावाची ३५-३६ इंचांची बारीक, हलकी लाकडी बॅट येते. एका हाताने चेंडू उडवून शंभर ग्राउंडर (जमिनीलगतचे फटके) मारले तरी खांदा दुखत नाही आणि टीमची बॅट वाचते. फक्त फंगोने पिचरचा चेंडू मारायचा नाही, पहिल्याच फटक्यात मोडेल.

बांबोळी_नेट्स

बाहेरगावच्या स्पर्धेला मोपा किंवा दाबोळीहून जाणार असाल तर बॅटी चेक-इनमध्ये. केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. एंड कॅपवर जुना टॉवेल गुंडाळून चारही एकत्र बांधा, नॉब एकाआड एक उलटसुलट.