निळ्या लोंबत्या सीडरचा शेंडा किती उंच न्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाग मोठी आहे. मधल्या मोकळ्या हिरवळीवर एकच झाड लावायचं, सूचिपर्णी, बारमाही हिरवं आणि फांद्या खाली सोडणारं, असं बरेच दिवस मनात होतं. शेवटी अ‍ॅटलास सीडरचा 'ग्लॉका पेंड्युला' हा प्रकार घेतला. आपल्या देवदाराचा हा सख्खा भाऊबंद, मूळचा मोरोक्को-अल्जीरियातल्या डोंगरांतला. कलमी रोप कमरेएवढं आहे. काठीच्या वर गेलेला वीतभर शेंडा आत्ताच खाली वळलाय. सुया आखूड, राखाडी-निळ्या, झुपक्याझुपक्यांनी आलेल्या. नजर हटत नाही.

अडचण अशी की हे झाड आपणहून सरळ वर जात नाही. आपण बांधत नेऊ तेवढीच उंची, पुढे सगळं आडवं पसरतं आणि लोंबतं. म्हणजे त्याचा जन्मभराचा आकार पहिल्या काही वर्षांत आपल्याच हातून ठरणार. फ्रान्समध्ये शातने-मालाब्रीच्या वृक्षोद्यानात याच प्रकारचं शंभरी ओलांडलेलं झाड आहे, त्याचा पसारा ६०० चौरस मीटरच्या वर गेलाय. ते वाचल्यापासून जास्तच विचारात पडलोय. शेंडा कुठवर न्यावा आणि बांधावा कसा? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
जागा आहे तर निदान ३ मीटरपर्यंत न्याच. कमी उंचीवर सोडलंत तर फांद्या लगेच जमिनीला टेकतात आणि झाड नुसतं पसरत जातं. शेंडा बांधायचा तो नवी फूट कोवळी असतानाच, लाकूड धरल्यावर वाकवायला गेलात तर मोडेल. सुतळीचा एक वेढा काठीला, एक खोडाला आणि मध्ये फुली, म्हणजे साल काठीवर घासत नाही. खोड जाड होतं तशी गाठ सालीत रुतते, म्हणून वर्षातून दोनदा तरी सोडून परत सैल बांधा. आणि छाटणी जपून! सुया नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलंत तर तिथून बहुधा पुन्हा फुटत नाही.

प्रतिसाद २:
पाणी साचणारी जागा टाळा, मुळं कुजतात. कलमाच्या जोडाखाली कोंब आला तर लगेच काढा. तो खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलंय त्याचा असतो, सरळ वर जातो आणि वरच्या कलमाला मागे टाकतो.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच जाऊन पाहिलं, जोडाच्या दोन बोटं खाली खरंच एक कोंब आहे, त्याच्या सुया हिरव्या आणि लांब. काढून टाकतो. उंची ३ मीटर नक्की. आता एकच विचारायचंय: काही जण खोड सरळ न नेता नागमोडी वळवत नेतात. तसं कुणी केलंय का? पहिलं वळण किती उंचीवर दिलंत?