जुन्या विनोदी मालिकांतली माणसे बदलत का नाहीत?

आरामखुर्ची यांचा प्रश्न:

दूरदर्शनच्या काळातल्या आणि नंतर खासगी वाहिन्यांवर आलेल्या विनोदी मालिका सध्या मी पुन्हा क्रमाने पाहत आहे. एकामागून एक भाग पाहिले की एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. आठवड्यातून एकदाच भाग लागत असे, तेव्हा ती फारशी लक्षात येत नव्हती. भाग संपताना सगळे पुन्हा मूळपदावर आलेले असते. १९८४ साली सुरू झालेल्या 'ये जो है जिंदगी'मध्ये रणजित आणि रेणू यांची कुरबूर होते, रेणूचा भाऊ राजा काहीतरी घोळ घालून ठेवतो, तो निस्तरताना सगळ्यांची दमछाक होते, आणि पुढच्या भागात राजा तितक्याच निर्धास्तपणे बहिणीच्या घरात वावरताना दिसतो. आदल्या भागात काय झाले ते त्याच्या गावीही नसते. पुढे वीस वर्षांनी आलेल्या 'साराभाई व्हर्सेस साराभाई'तही तेच. सासू माया सून मोनीषाच्या राहणीवर आणि काटकसरीवर ताशेरे ओढते, मोनीषा दुखावते, क्वचित एखाद्या प्रसंगी दोघींमध्ये खरी जवळीकही निर्माण होते, पण तिचा मागमूस पुढच्या भागात राहत नाही.

गंभीर कथेत पात्र बदलले नाही तर आपल्याला फसगत झाल्यासारखे वाटते. इथे मात्र कोणी बदलले नाही याचेच समाधान वाटते, निदान मला वाटते, आणि त्याचे कारण मला नीट मांडता येत नाही. म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. पात्रांना जिथल्या तिथे ठेवणे ही केवळ लेखकांची सोय होती, की विनोदी मालिकेची ती मूळ गरजच आहे? आणि ज्यात माणूस खरोखर बदलला आणि तरीही विनोद उणावला नाही, अशी उदाहरणे आपल्याकडे आहेत का?

चौकोनी_पडदा यांचा प्रतिसाद:

पहिले कारण प्रक्षेपणाच्या पद्धतीत शोधावे लागेल. आठवड्यातून एकदा लागणारा भाग पाहुणे आल्यामुळे किंवा वीज गेल्यामुळे चुकला, की तो पुन्हा पाहण्याची सोय बहुतेक घरांत नव्हती. त्यातच दूरदर्शन मालिकांना १३ भागांच्या हिशेबाने मंजुरी देत असे. पुढचे १३ भाग मिळतील की नाही हे ठाऊक नसताना लांब पल्ल्याचे कथानक आखण्याचे धाडस लेखकाने कशाच्या जोरावर करावे? ज्याने मागचा भाग पाहिलेला नाही त्यालाही पाच मिनिटांत घरातल्या सगळ्यांची नाती आणि खोडी कळल्या पाहिजेत, या अटीतूनच त्या पात्रांचे ठसठशीत स्वभाव तयार झाले.

मात्र या अटीवर 'ये जो है जिंदगी'ने जी तोड काढली, ती मला अतिशय कल्पक वाटते. घर तेच, घरातली माणसे तीच, आणि सतीश शाह मात्र भागागणिक नवा माणूस होऊन येणार. भाषेची ढब वेगळी, वय वेगळे, व्यवसाय वेगळा, केशभूषा वेगळी. शरद जोशी यांच्या लेखणीला त्यामुळे दर आठवड्याला नवे निमित्त मिळाले आणि मुख्य पात्रांना मुळीच न हलवता मालिकेत विविधता आली. स्थिर घरात बाहेरून येणारा अस्थिर माणूस, अशी ती रचना होती.

२००१ साली आलेल्या 'ऑफिस ऑफिस'ने हीच रचना उलटी करून वापरली. पंकज कपूर यांनी साकारलेला मुसद्दीलाल दर भागात वेगळ्या कार्यालयात आपले रखडलेले काम घेऊन जातो, आणि कार्यालय कोणतेही असो, टेबलामागे भाटिया, शुक्ला, पटेल, पांडेजी आणि उषाजी हीच मंडळी आपापल्या सवयींसह बसलेली असतात. शुक्लाच्या तोंडातले पान, भाटियाचे अखंड खाणे, पटेलचे प्रत्येक बाबतीत 'दो बातें' सांगणे, उषाजींचे 'वो तो है', यांतले काहीही बदलत नाही. खाते बदलले तरी समोर तोच माणूस भेटतो, हा सामान्य नागरिकाचा अनुभव तिथे रचनेनेच सांगितला. त्यासाठी कोणाच्या तोंडी भाषण घालावे लागले नाही. पात्रे न बदलण्यातून इतका मोठा अर्थ काढणारी दुसरी मालिका मला आठवत नाही.

पडद्यामागे यांचा प्रतिसाद:

चौकोनी_पडदा यांनी सांगितलेली कारणे खरी आहेत, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. 'ये जो है जिंदगी' सुरू झाली त्याच वर्षी 'हम लोग'ही सुरू झाली. तीच वाहिनी, तोच प्रेक्षक, वीज जाण्याची तीच शक्यता, आणि तरीही 'हम लोग'चे कथानक १५६ भाग पुढे सरकत राहिले. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन घडलेल्या घटनांवर प्रेक्षकांशी बोलत. म्हणजे चालू कथानक सांभाळण्याचे मार्ग तेव्हाही होते. विनोदी मालिकांनी ते घेतले नाहीत, कारण त्यांचे काम वेगळ्या गोष्टीवर चालत होते.

माझ्या मते विनोदी मालिकेचा पाया म्हणजे पात्रांना जिच्यातून बाहेर पडता येत नाही अशी एक परिस्थिती. 'खिचडी'कडे पाहा. पारेख कुटुंबाला जुनी हवेली विकून, आपापला वाटा घेऊन वेगळे व्हायचे आहे. बाबूजी विकायला तयार नाहीत. त्यामुळे एकमेकांना कंटाळलेली ही माणसे एका छपराखाली अडकलेली आहेत. सगळ्यांची इच्छा एकच आहे आणि ती पूर्ण झाली तर मालिकाच उरत नाही. इतके साधे आणि इतके पक्के बांधकाम फार कमी मालिकांना साधले आहे. पहिल्याच भागात ते उभे राहते आणि मग लेखकाला केवळ रोजचे प्रसंग शोधायचे असतात.

त्याच मालिकेतले हंसा आणि प्रफुल हे जोडपे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. हंसाच्या कानावर एखादा इंग्रजी शब्द पडतो, ती प्रफुलला त्याचा अर्थ विचारते, प्रफुल पूर्ण आत्मविश्वासाने भलताच अर्थ सांगतो आणि हंसाचे तत्काळ समाधान होते. अज्ञानावर विनोद करणाऱ्या मालिका पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कित्येक मला आता पाहवत नाहीत, कारण त्या माणसाला हिणवतात. इथे हसू येते ते त्या दोघांचा एकमेकांवर असलेल्या गाढ विश्वासामुळे. प्रफुलला सगळे कळते अशी हंसाची खात्री आहे, आणि आपल्याला ती विचारते याचा प्रफुलला आनंद आहे. घरातल्या इतर कोणाचे एकमेकांशी पटत नसताना या दोघांचा संसार मात्र सुखाचा चालला आहे. हंसाने उद्या शब्दकोश उघडला तर ज्ञान वाढेल, पण त्या संसारातला सर्वांत गोड क्षण नाहीसा होईल. सुप्रिया पाठक आणि राजीव मेहता यांनी हे नाते कोठेही उथळ होऊ दिले नाही.

१९९५ च्या 'हम पाँच'मध्ये तर अडकलेपण भिंतीवरच टांगलेले आहे. आनंद माथूर (अशोक सराफ) यांच्या पाच मुली, दुसरी पत्नी बीना, आणि तसबिरीतून नवऱ्याशी बोलणारी दिवंगत पहिली पत्नी. प्रिया तेंडुलकर यांना जवळजवळ केवळ चेहरा आणि आवाज एवढ्याच भांडवलावर ती भूमिका करायची होती, आणि तरीही घरातल्या सर्वांत शहाण्या माणसाचे स्थान त्यांनी मिळवले. मेलेल्या व्यक्तीच्या स्वभावात बदल होण्याचा प्रश्नच येत नाही, हे त्या कल्पनेचे बळ आहे.

साराभाईंविषयी एकच गोष्ट सांगतो. मोनीषाचे मूळ नाव मनीषा. ते फार मध्यमवर्गीय वाटते म्हणून सासूने ते बदलले. सून घरात येताच जी सासू तिचे नावच बदलते, तिने काही वर्षांनी सुनेला आहे तशी स्वीकारावे, ही अपेक्षा प्रेक्षक म्हणून आपण मनात बाळगतो. लेखक आतिश कपाडिया ती अपेक्षा जागी ठेवतात आणि पुरी करत नाहीत. आपण दर भागाला पुन्हा येतो ते त्यामुळेच.

दिवाळीअंक यांचा प्रतिसाद:

चर्चा हिंदी मालिकांपुरतीच राहू नये म्हणून दोन मराठी उदाहरणे देतो. योगायोगाने दोन्हींत दिलीप प्रभावळकर आहेत.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर चि. वि. जोशी यांच्या कथांवर आधारित 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका आली. चिमणराव भिडस्त आणि पापभीरू, तर बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ अंगापिंडाने दणकट आणि तोंडाने रोखठोक. या जोडीत कोणीही दुसऱ्यासारखे होऊन चालत नाही. चिमणरावांना एका भागात धैर्य आले तर गुंड्याभाऊला काम उरणार नाही. स्वभाव स्थिर ठेवण्याचे कारण इथे परिस्थितीत नसून जोडीत आहे. पडद्यामागे यांच्या मांडणीत मी एवढी भर घालीन की पात्रे एखाद्या घरात जशी अडकतात, तशीच ती एकमेकांच्या स्वभावातही अडकतात.

दुसरे उदाहरण २००१ साली अल्फा मराठीवर आलेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चे, आणि आरामखुर्ची यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे दिसते. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शिऱ्या आणि शलाका. घडणारे प्रसंग किरकोळ, कोणाचाही स्वभाव एका भागात पालटत नाही. पण दिवस संपला की आबा वही उघडून त्या दिवसाची नोंद लिहितात. घडलेल्या गोष्टीकडे ते पुन्हा एकदा पाहतात, आणि त्या पाहण्यात सकाळच्या चिडचिडीची जागा बहुधा समजुतीने घेतलेली असते. शिऱ्या उद्याही तसाच वागणार आहे, पण आबांना तो आज थोडा अधिक कळलेला आहे. स्वभाव न बदलता दृष्टी बदलणे, हा मार्ग केदार शिंदे यांच्या या मालिकेने फार संयमाने हाताळला. त्यातला विनोद कधीही आरडाओरड करत नाही, याचे श्रेय मी त्या वहीलाही देतो.

'मुंगेरीलाल के हसीन सपने'चाही उल्लेख करायला हवा. रघुवीर यादव यांचा मुंगेरीलाल स्वप्नात हवा तेवढा बदलतो, पराक्रमी होतो, मोठा माणूस होतो, आणि स्वप्न मोडले की पुन्हा होता तसा. बदलाची हौस आणि बदलाची अशक्यता दोन्ही एकाच पात्रात ठेवण्याचा हा प्रकार मला मार्मिक वाटतो.

उजवा_कोपरा यांचा प्रतिसाद:

एक छोटी पुष्टी जोडतो. 'हम पाँच'मधली राधिका ही भूमिका वेगवेगळ्या काळात दोन अभिनेत्रींनी केली. त्यांपैकी एक विद्या बालन. चेहरा बदलला तरी जाड चष्मा, कमी ऐकू येणे आणि पुस्तकी गंभीरपणा कायम राहिला आणि प्रेक्षकांना राधिका लगेच ओळखता आली. विनोदी पात्राचा सांगाडा इतका भक्कम असावा लागतो की वेळप्रसंगी अभिनेता बदलला तरी तो उभा राहील. अर्थात प्रत्येक पात्राला हे लागू नाही. मायाचा नवरा इंद्रवदन साराभाई दुसऱ्या कोणी केला असता, ही कल्पना मला करवत नाही.

आरामखुर्ची:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अडकलेपणाचा मुद्दा मला पटला, पण त्यात 'नुक्कड' कुठे बसते, हे मला कोडे आहे. तिथे कोणाला घराने बांधलेले नाही. विजेची कामे करणारा गुरू, सायकल दुरुस्त करणारा हरी, हॉटेलवाले कादरभाई, सदा झिंगलेला खोपडी, भीक मागणारा घन्शू, हवालदार गणपत, ही सगळी नाक्यावर जमणारी माणसे आहेत. त्यांना उठून निघून जाता येते, तरी ती जात नाहीत.

पडद्यामागे:

जाता येते असे आपण म्हणतो, पण जाणार कुठे? १९८६ मध्ये सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांनी जो नाका उभा केला, त्याला गरिबीचे कुंपण होते. 'खिचडी'त घर विकले जात नाही म्हणून माणसे एकत्र आहेत. 'नुक्कड'मध्ये विकण्यासारखे काही जवळ नाही म्हणून एकत्र आहेत. म्हणूनच तिथला विनोद हसवता हसवता टोचतो. समीर खक्कर यांचा खोपडी शुद्धीवर आला असता तर मालिकेला एक उपदेश मिळाला असता आणि एक माणूस गमवावा लागला असता. लेखकांनी माणूस राखला, हे मला त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते.

कुंदन शाह यांचेच दिग्दर्शन असलेली आणि आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेली 'वागले की दुनिया' १९८८ साली आली. तिचा पुढचा अध्याय २०२१ मध्ये नव्याने सुरू झाला तेव्हा अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे त्याच वागले दांपत्याच्या भूमिकेत परतले, पण आता आजी-आजोबा म्हणून, आणि कथेचा भार त्यांच्या मुलावर, म्हणजे सुमीत राघवन यांच्यावर आला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी दोन्ही मालिकांतले भाग आलटून पालटून पाहा. श्रीनिवास वागले यांचा मध्यमवर्गीय कातावलेपणा आणि सचोटी दोन्हीकडे ओळखीची आहे. मधल्या तीस वर्षांनी बदलले आहे ते त्यांचे घरातले स्थान: पूर्वी संसाराची सगळी ओढाताण त्यांच्या वाट्याला येई, आता ती मुलाची चाललेली त्यांना बाजूला बसून पाहावी लागते. सतत त्याच वयात ठेवलेल्या पात्राला असे काही देता आले नसते, आणि त्यासाठी लेखकांना त्याच्या स्वभावाला हातही लावावा लागलेला नाही.