टाकी, मोटरी आणि क्ष

बी-३०२: सर, जरा बघाल का? उद्या सराव परीक्षा आहे. ‘दोन मोटरी मिळून टाकी ६ तासांत भरतात. लहान मोटरीला एकटीला मोठीपेक्षा ५ तास जास्त लागतात. प्रत्येकीला किती?’ पोरीचं उत्तर अर्धा तास येतंय.

ए-१०१: ताई, तिनं क्ष + क्ष + ५ = ६ मांडलंय. तास मिळवायचे नाहीत, तासाभरातलं काम मिळवायचं. मोठी १/क्ष टाकी भरते, लहान १/(क्ष+५). बेरीज १/६.

सी-४०३: टाकीचा विषय निघालाच आहे तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह गळतोय. तिसऱ्यांदा लिहितोय.

सेक्रेटरी: नोंद घेतली आहे. कृपया विषयांतर नको.

सी-४०३: विषय टाकीचाच चाललाय की ओ.

बी-३०२: सर, छेद काढताना अडतंय.

ए-१०१: ६(२क्ष+५) = क्ष(क्ष+५). आवरलं की क्ष² − ७क्ष − ३० = ०, म्हणजे (क्ष−१०)(क्ष+३) = ०. वेळ ऋण नसते म्हणून −३ सोडायचं, आणि ते कारण लिहायचं. मोठी १०, लहान १५ तास. ताळा: १/१० + १/१५ = ५/३० = १/६.

ए-२०२: एवढं कशाला? मोठीचं उत्तर ६ ते १२ च्या मधेच असणार: एकटीला ६ पेक्षा जास्तच लागणार, आणि निम्म्याहून जास्त काम तिचं म्हणून १२ पेक्षा कमी. पर्याय बघून टाकायचं.

ए-१०१: तुमची स्पर्धा परीक्षा, साहेब. दहावीला रीत लागते.

ए-२०२: रीत लिहू दे की. पण हे माहीत असतं तर अर्धा तास चुकलाय हे तिला तिथंच कळलं असतं.

ए-१०१: हे मात्र मान्य.

सी-४०३: गच्चीवरचा व्हॉल्व्ह गळतोय.

ए-२०२: काका, तोही बसवू. टाकीचे ३० भाग धरा. मोठी तासाला ३, लहान २. भरलेली टाकी ३० तासांत रिकामी होईल अशी गळती असेल तर वजा १. उरले ४. ३० ÷ ४ = ७.५, म्हणजे साडेसात तास. पोरं इथं ७ तास ५० मिनिटं लिहितात.

सी-४०३: म्हणजे दीड तास फुकट वीज! मेंटेनन्स कुठं जातो ते कळलं.

सेक्रेटरी: काका, आकडे गणितातले आहेत. आपल्या बोअरची आणि संपची मोटर एकाच पाईपला जोडलीय. दोन्ही एकदम लावल्या की पाईपातलं घर्षण वाढतं, दोघींचं पाणी कमी पडतं. सरळ बेरीज होत नाही.

बी-१०४: म्हणून बोअर रात्री ११ ला लावता होय? आमच्या खिडकीखालीच आहे ती.

सेक्रेटरी: कृष्णेचं पाणी संपात कधी येतं ते आपल्या हातात आहे का, वहिनी?

ए-१०१: गळतीही सारखी राहत नाही. पाणी उतरेल तसा दाब घटतो, धार बारीक होते. मोजायचंच असेल तर मोटरी आणि खाली उतरणारे सगळे कॉक बंद करा, पट्टीनं पातळी बघा, तासानं परत बघा.

सेक्रेटरी: रविवारी पहाटे ५ ते ६ पाणी बंद. चालेल?

बी-१०४: आदल्या रात्री मेसेज टाका, भरून ठेवते.

सी-४०३: पट्टी मी आणतो. गच्चीची किल्ली कुणाकडं आहे?