मदत हवी आहे: फ्रा माउरोच्या नकाशातलं जहाज जावाचं की चीनचं?

जावाच्या 'जोंग' या प्रचंड शिडाच्या जहाजांवर मराठीत लेख लिहितेय आणि एका चित्राखाली द्यायच्या ओळीपाशी अडकलेय.

व्हेनिसमधला नकाशाकार साधू फ्रा माउरो याच्या जगाच्या नकाशात (साधारण १४५०) हिंदी महासागरात मोठी जहाजं काढली आहेत. सोबतच्या मजकुरात त्यांना चार किंवा जास्त डोलकाठ्या, व्यापाऱ्यांसाठी ४० ते ६० खोल्या आणि एकच सुकाणू असल्याचं म्हटलंय. हे 'एकच' मला स्वस्थ बसू देत नाही. जोंगला मागे दोन्ही बाजूंना एकेक सुकाणू असे. मधोमध एकच, ही चिनी बांधणीची खूण. पण मजकुरातलं 'झोंको' हे नाव तर 'जोंग'शी जुळतं!

१३७५ चा युरोपीय नकाशा म्हणजे कॅटलान अ‍ॅटलास पाहून झाला. तिथे बांबू आणि ताडाच्या पानांची शिडं सांगितली आहेत, पण चटईची शिडं चिनी जहाजांनाही असत. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कच्या १५११ च्या मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर) मोहिमेतली वर्णनं तर साठ वर्षांनंतरची. त्याने उल्लेखलेला जावानी नाविकाचा मोठा नकाशाही कृपया सुचवू नका, मूळ प्रत 'फ्लोर दे ला मार' जहाजाबरोबर समुद्रात गेली.

मला इंग्रजी वाचता येतं, इटालियन-पोर्तुगीज नाही. अंदाजाने 'जावाचं जहाज' असं छापायचं नाहीये.

डोलकाठ्या, शिडाचा आकार, नाळेची (जहाजाच्या पुढच्या टोकाची) ठेवण यांपैकी नकाशातल्या एवढ्याशा चित्रातही खात्रीने ओळखता येईल अशी जोंगची खूण कोणती?