'म्हणाला' सोडून दुसरं काय लिहू? बोलण्याच्या तऱ्हांचे शब्द हवेत

निळी_शाई:
कथा लिहायला घेतलीये, पहिलीच. काल वाचून बघितली तर एका पानावर 'म्हणाला/म्हणाली' बावीस वेळा, मोजले मी. एरवी बोलताना किती शब्द येतात पण लिहायला बसलं की डोकं ब्लँक. पुटपुटणं, कुजबुजणं, ओरडणं यापुढे गाडी जात नाही आणि पहिल्या दोघांतला फरकही धड सांगता येत नाहीये. सुचवा ना काहीतरी.

वाचणारा_बोका:
सोप्पंय. कुजबुजायला दुसरं माणूस लागतं, त्याच्या कानाशी लागून. पुटपुटणं एकट्याचं, ओठ हलतात पण कुणाला ऐकू जावं अशी इच्छा नसते (किंवा अर्धवट ऐकू जावं अशी असते, ते जास्त डेंजर).
रागाचे तर ढीगभर आहेत. खेकसणं म्हणजे एकदम अंगावर, एका वाक्यात खलास. डाफरणं वरून खाली येतं, बॉस आपल्यावर डाफरतो, आपण बॉसवर नाही डाफरत, फार तर बाहेर येऊन तणतणतो आणि ती तणतण लांबते, हातातली वस्तू आपटत आपटत चालते. धुसफूस त्याहून आतली, शब्द कमी नि श्वास जास्त. आणि फणकारा! तो तोंडापेक्षा मानेत दिसतो.

सहज_म्हणून:
बडबडणं आणि बरळणं पण सेम नाही बरं का. तापात, नशेत माणूस बरळतो, शब्दांवर ताबा नसतो. बडबड्या शुद्धीत असतो, फक्त थांबत नाही. एकच मागणी शंभरदा केली की भुणभुण. मुद्दा सोडून गोष्ट लांबवली की पाल्हाळ, आणि ऐकणारा कंटाळून गेला तरी चालूच असेल तर चऱ्हाट.

वाचणारा_बोका:
झोपेत बडबडतो असं म्हणतातच की, तिथे कुठली आलीये शुद्ध?

सहज_म्हणून:
हम्म. झोपेला दोन्ही चालतं. माघार.

जुना_कोश:
यातले बरेचसे शब्द आवाजावरूनच आलेत, कुजबुज, पुटपुट, भुणभुण. व्याकरणात यांना अनुकरणवाचक म्हणतात. त्यामुळे मोठ्यानं म्हणून बघ, कानाला पटला तर ठेव. मोल्सवर्थचा कोश (१८५७ ची दुसरी आवृत्ती) शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो, मी एका शब्दासाठी जातो आणि तासभर तिथेच.
बोबडं आणि तोतरं यात मात्र गल्लत नको. बोबड्या बोलण्यात उच्चार नीट येत नाही, 'र'चा 'ल' होतो. तोतऱ्यात अक्षर अडतं, तेच तेच परत येतं. गंमत अशी की घाबरलेल्या माणसाची वळते बोबडी आणि तोंडातून निघतं त त प प!

तिसरी_घंटा:
मला विचारशील तर क्रियापदं बदलत बसूच नकोस. आपल्याकडे सगळा सूर वाक्याच्या शेपटीत असतो. "येतोस ना?", "ये की", "ये बाबा एकदाचा". याच्यापुढे 'विनवलं' नि 'वैतागली' कशाला जोडायचं?

निळी_शाई:
हे भारी आहे. माझ्याकडे होतं, "दार लाव," ती रागानं म्हणाली. आता नुसतं "दार लाव म्हटलं ना." बावीसचे नऊ झाले. कथेतल्या आजोबांची धुसफूस तेवढी ठेवलीये, त्यांना शोभते.