रात्री बर्फ पडला तर सकाळी गाडी कशी साफ करावी?

केळीबाग (रावेर)
राम राम मंडळी. जानेवारीत डिझेल गाडीने मनालीला जायचं आहे. गाडी उघड्यावर राहील. बर्फ पडला तर सकाळी आधी काय करायचं? काचेवर गरम पाणी ओतलं तर चालतं का? इथूनच काही तयारी लागेल का?

पाना_पकड (धुळे)
दादा, गरम पाणी अजिबात नको. गारठलेली काच एका जागी एकदम तापली की तडकते. बारीक खडीचा टिचका असेल तर तिथूनच चीर धावते. शिवाय ओघळलेलं पाणी दाराच्या रबरात जाऊन पुन्हा गोठतं.

पहिलं काम सायलेन्सरचं. नळीचं तोंड बर्फाने बुजलेलं असताना इंजिन चालू केलं तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून हे काम कधीही टाळू नका. नळी मोकळी करा, वायपरचं बटण बंद असल्याची खात्री करा, मगच सेल मारा. वायपर काचेला चिकटलेले असताना फिरले तर रबर फाटतं, फ्यूज उडतो, कधी मोटरच जाते.

मग हीटरची हवा समोरच्या काचेवर सोडा. एसीही लावा, तो हवेतली ओल खेचतो आणि काच आतून धुरकट होत नाही. बोनेट आणि काचेच्या सांध्यातली जाळी मोकळी हवी, हीटर हवा तिथूनच घेतो.

आता ब्रश घ्या. टपापासून सुरुवात करून खाली या, नाहीतर साफ केलेल्या काचेवर पुन्हा बर्फ पडेल. मऊ ब्रश पत्र्यासाठी, प्लॅस्टिकची खरवडणी फक्त काचेसाठी. फावडं किंवा खराटा लावला की रंगावर ओरखडे आलेच. शेवटी सगळे दिवे आणि नंबर प्लेट पुसा. एलईडी दिव्याची काच फारशी तापत नाही, तिच्यावरचा बर्फ आपोआप वितळेल अशी आशा धरू नका.

केळीबाग (रावेर)
टपावरचा राहू दिला तर? वाऱ्याने उडेल ना?

पाना_पकड (धुळे)
मागच्या गाडीच्या काचेवर उडेल. आणि उतारावर ब्रेक दाबला की अख्खा थर घसरून तुमच्याच काचेवर येईल, तेवढा बोजा वायपरला हटत नाही. टप पूर्ण साफ झाल्याशिवाय गाडी हलवू नका.

सातपुडा_घाट (शहादा)
तयारीचं सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरत राहण्याची सवय आहे. तेच पाणी तिकडे गोठलं तर सुमारे ९ टक्के फुगतं, रेडिएटर फुटतो, इंजिनचा ब्लॉकही तडकू शकतो. निघण्याआधी जुनं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. इथिलीन ग्लायकॉल असलेल्या कूलंटचं असं मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. वायपरच्या टाकीतलं साधं पाणीही काढून न गोठणारं वॉशर द्रव भरा. बॅटरी जुनी असेल तर इथेच तपासून घ्या, थंडीत तिचा जोर कमी होतो.

इथलं डिझेल कडक थंडीत मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो. टाकी रिकामी होत आली की तिकडच्याच पंपावर भरा. रात्री हँडब्रेक ओढू नका, ओला ब्रेक गोठून चाक जाम होतं. गाडी गिअरमध्ये ठेवून टायरखाली दगड लावा.

तोरणमाळला दव गोठतं तेव्हा काचेवर पातळ थर असतो. त्याला खरवडणीचीही गरज नाही. दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक भाग पाणी फवारा आणि मिनिटभराने पुसा. इंजिन बंद असतानाच फवारा, ते पेट घेणारं आहे.