समुद्राचे कान सोनारानेच टोचायचे का?

जवारी (मिरज)
परवा इथे कृष्णाथडी यांनी लिहिलं: "उपग्रहावरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते. मग समुद्राचा तळ बघायला महिनोन्‌महिने बोटीतून 'पिंग पिंग' करत कशाला हिंडायचं? आणि ती निळी-तांबडी चित्रं म्हणजे फोटो नव्हेत, संगणकानं काढलेली रांगोळी आहे." खाली बावीस जणांच्या टाळ्या. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते मावेना, म्हणून हा धागा. विषय सोनार, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खालचं टिपणारं यंत्र.

नंबरप्लेटची गोष्ट थाप आहे, ती सोडा. मुद्दा पाण्याचा. दोनशे मीटर खाली गेलं की उजेड जवळपास संपतो. रेडिओलहरी तर खाऱ्या पाण्यात त्याच्या कितीतरी आधी मरतात, म्हणून तर पाण्याखाली जीपीएस चालत नाही. उरला आवाज. हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं पळतो, सेकंदाला सुमारे १५०० मीटर. १९९१ साली दक्षिण हिंदी महासागरात हर्ड बेटाजवळ सोडलेला खर्ज अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना ऐकू गेला होता. एवढ्या लांब खर्जच जातो. पट्टी जितकी चढी तितकं पाणी तिला लवकर गिळतं. पण बारकावा दिसतो चढ्या पट्टीतच. सगळी कसरत या दोहोंच्या मधली.

आता रांगोळी. बोटीखालून आवाजाचा पंखा पसरतो, एका पिंगमध्ये शेकडो ठिकाणची खोली मिळते. चार हजार मीटर खोल पाण्यात हाक मारली की ओ यायला पाच सेकंदांहून जास्त लागतात. त्या वेळेवरून खोली, खोलीवरून रंग. शाळेच्या नकाशात सह्याद्री तपकिरी असतो, तिथे नाही कुणी रांगोळी म्हणत! २००९ साली अटलांटिकमध्ये कोसळलेलं एअर फ्रान्सचं विमान २०११ मध्ये सुमारे ३९०० मीटर खोल सापडलं, तेही आवाजानं काढलेल्या चित्रातच.

कृष्णाथडी (सांगली)
जवारीबुवा, माझ्या चार ओळींची एवढी जवारी काढलीत, धन्य झालो. नंबरप्लेट मागे घेतो, ती व्हॉट्सॲपवरची होती. बाकीचं नाही.

सापडलेलं विमान सांगितलंत. न सापडलेलं कोण सांगणार? २०१४ ला मलेशियाचं विमान गेलं. एक लाख वीस हजार चौरस किलोमीटर तळ आवाजानं विंचरून काढला. हाती काय लागलं? जुनी बुडालेली जहाजं. शंभर वर्षं पिंग करून समुद्रतळाचा पाव हिस्सा आणि वर थोडंसं, एवढंच नीट मोजून झालंय. उपग्रहाचा नकाशा निदान अख्ख्या पृथ्वीचा आहे.

आणि देवमाशांचं काय? २००० साली बहामात नौदलाच्या सोनारनंतर डझनभराहून जास्त जीव किनाऱ्याला लागले. अमेरिकेच्या नौदलालाच अहवालात कबूल करावं लागलं. ऐकायची हौस तुमची, कान फुटायचे त्यांचे.

अपशिंगे_फौजी
नौदलात एकोणीस वर्षं सोनारवर बसलो. सुट्टीवर आल्यावर आजी गावभर सांगायची, पोरगं सरकारी सोनार झालंय. नाकातल्या चमकीचं मळसूत्र ढिलं झालं तेव्हा माझ्याकडेच आली होती.

कृष्णाथडी, उपग्रहाला तळ दिसत नाही हो. तो वरच्या पाण्याचा फुगवटा मोजतो. खाली डोंगर असला की त्याच्या ओढीनं पाणी जरा गोळा होतं, त्यावरून अंदाज. पोत्यावरनं हात फिरवून आत नारळ की बटाटे ते सांगायचं, तसला प्रकार. काही किलोमीटरपेक्षा लहान काही कळत नाही. विमान कसलं शोधताय!

पण जवारी, तुम्हीही आरती ओवाळू नका. पाण्यात आवाज सरळ जात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकी जहाजांवर सकाळी सोनार झकास चालायचं आणि दुपारी पाणबुडी हरवायची. साहेब म्हणायचे, पोरं जेवून पेंगतात. निघालं भलतंच. उन्हानं वरचं पाणी तापलं की आवाज खाली वाकतो आणि पाणबुडी त्याच्या सावलीत निवांत. दुपारच्या शिव्या आम्हीही खाल्ल्या. (एकदा खरंच पेंग होती, नाकबूल कशाला करू.) शिवाय उथळ गरम पाण्यात एक कोळंबी असते, नांगीचा टिचकी मारल्यासारखा आवाज काढते. हजारोंनी असतात. हेडफोन लावला की कढईत मोहरी पडल्यागत तडतड. त्यात जहाज ओळखायचं. आज डावा कान निम्माच चालतो माझा.

तेव्हा पाण्याचं तापमान, खारटपणा आधी मोजा, मग नकाशा काढा. वेग एक टक्का चुकला की चार हजार मीटरला चाळीस मीटरची चूक.

विट्याचा_गलाईवाला
सोनार म्हटलं की आमच्याकडं सोनं गाळणारेच पुढं येतात. धागा उघडून फसलो. फौजीबापू, तुमच्या मशिनला बारीक वस्तू दिसती का?

अपशिंगे_फौजी
दिसते की. नव्या पद्धतीत यंत्र पुढे सरकत एकापाठोपाठ पिंग मारतं, मग सगळे प्रतिध्वनी जोडून एकाच लांबलचक कानानं ऐकल्यासारखं चित्र करतात.

विट्याचा_गलाईवाला
म्हंजे शंभर घाव सोनाराचेच. मग बरोबर धाग्यावर आलोय.

तास_ए_गणेश (तासगाव)
येवढं इज्ञान कशाला? आमचा आजा विहिरीत दगड टाकायचा, 'डुबुक' ऐकून सांगायचा पाणी किती परसावर. हेच की तुमचं सोनार!

जवारी
नाही दादा. साठ फुटांवर दगड पडायलाच जवळपास दोन सेकंद जातात. 'डुबुक' वर यायला सेकंदाचा विसावा भाग. आजोबा दगडाचं पडणं मोजत होते, आवाज फक्त निरोप्या.

तास_ए_गणेश
निरोप्या तर निरोप्या. आजाचं पाणी कधी चुकलं न्हाई. मशिनवाल्यानं मात्र तीन बोअर कोरडी दाखवली, पैसं मोजून घेतलं, वर म्हणतो खडक वाईट. बाग तोडली त्या साली.

कोयनाकाठ (पाटण)
समुद्र राहू द्या. धरणातला गाळ आपल्याकडे उपग्रहावरूनही मोजतात. पाणी उतरत जाईल तसे फोटो घ्यायचे, पसारा किती आकसला ते बघायचं. स्वस्त आणि झटपट. पण मृतसाठ्यातलं त्याला दिसत नाही, कारण ते उघडंच पडत नाही. तिथं होडीला एकोसाउंडर, म्हणजे आवाजानं खोली मोजायचं यंत्र, बांधून हिंडावं लागतं. लेसर म्हणाल तर नितळ पाण्यात काही मीटर उतरतो, आपल्या चहासारख्या पाण्यात वरच अडकतो.

सांगलीकर पूर आला की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतात. त्याआधी सांगलीतल्या इर्विन पुलाखालचा कृष्णेचा तळ कुणीतरी आवाज टाकून बघा की.

कृष्णाथडी
आता पाटणकर आम्हाला पूर शिकवणार! कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण उशाला घेऊन तुम्ही झोपता. दरवाजे तिकडे उचलायचे, नाका-तोंडात पाणी आमच्या. २०१९ ला इर्विनला ५७ फूट गेलं होतं. माझ्या माडीच्या पायरीला होडी लागली, आईला खिडकीतून उतरवली. अलमट्टीची पाणीपातळी ५१९ ची ५२४ मीटर करायला निघालेत आणि तुम्ही मला गाळ सांगा!

कोयनाकाठ
धरण उशाला आहे, आणि त्यासाठी आमची गावं पाण्याखाली गेलीत, तेही लिहा. राहता राहिलं अलमट्टी. राज्य सरकारच्याच वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचा दोष तिला दिलेला नाही.

कृष्णाथडी
समितीच्या घरात पाणी शिरलं नव्हतं.

जवारी
मंडळी, धागा समुद्राचा आहे. आणि पूर काय, आमच्या गोदामातले तंबोऱ्याचे भोपळे गल्लीतून तरंगत घाटाकडे गेले त्या साली. वर्षभर वाळवलेले. मी काढलं का अलमट्टीचं नाव?

कृष्णाथडी
काढलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्यासारखे गप्प बसतात म्हणून त्यांचं फावतं.

कास_पठार (सातारा)
पुराचं भांडण आवरलं असेल तर देवमाशांकडे वळूया का? कृष्णाथडी काकांच्या त्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही. नेहमीचं उत्तर असतं की बहामात युद्धनौकांचं सोनार होतं, नकाशावाल्यांचं वेगळं, सौम्य. पण २००८ साली मादागास्करच्या एका खाडीत शंभरेक मेलन-हेडेड देवमासे शिरून अडकले. स्वतंत्र तज्ज्ञांच्या गटानं सर्वांत संभाव्य कारण म्हणून बोट ठेवलं ते तळ मोजणाऱ्या १२ किलोहर्ट्झच्या यंत्राकडे. म्हणजे जवारीकाकांच्या रांगोळीवाल्याकडेच.

अपशिंगे_फौजी
हे मला ठाऊक नव्हतं, पोरी. मी आयुष्यभर 'नकाशाचं सोनार निरुपद्रवी' म्हणत आलो. पण सगळंच बंद करा म्हणशील तर पटणार नाही.

कास_पठार
बंद करा कुठे म्हटलं? आधी तिथे कोण राहतं ते बघा, मग हाका मारा.

अपशिंगे_फौजी
बरं. आणि पाटणकर-सांगलीकर, गाळासाठी दोन पट्ट्या लागतात. २०० किलोहर्ट्झचा आवाज मऊ गाळाच्या माथ्यावरूनच परततो, तीसेक किलोहर्ट्झचा आत शिरून कठीण थर गाठतो. दोन्हींमधला फरक म्हणजे गाळ. भिलवडीकडे मात्र होडी मोठी घ्या. तिथल्या मगरींना दोन्ही पट्ट्या सारख्याच.

कृष्णाथडी
ठीक. उपग्रहाला तळ दिसत नाही, मानलं. रांगोळी हा शब्दही मागे, जवारीबुवांच्या भोपळ्यांकडे बघून. देवमाशांचं एक अक्षर मागे घेत नाही, आणि अलमट्टीचं तर चितेवरही नाही. पाटणकरांनी होडी आणि मशिन आणावं, इर्विनखाली हवं तेवढं पिंग करावं. डिझेल माझं.

कोयनाकाठ
आधी डिझेलचे पैसे पाठवा. सांगलीच्या शब्दावर निघालो तर कऱ्हाडातच टाकी संपायची.

तास_ए_गणेश
होडी खरंच निघाली तर कळवा. मशिन येका दिवसासाठी माझ्या विहिरीत सोडता आलं तर बघा. आजा आता न्हाई.